बेलच्या बटणावर जाखडी

गणपती तोंडावर आले आणि भिकाजीचा मुंबईहून फोन आला. कंपनीत रजा नाही, यंदा ढोलकीला दुसरा कोणीतरी बघा. दुसरा कोण बघणार? गावातला धडधाकट पुरुष एकतर मुंबईत, नाहीतर पायात घुंगरू बांधून नाचणाऱ्यांत. गणपतीतल्या जाखडीनाचाची गाणी गाणाऱ्या सदूबुवांनी फोन ठेवला आणि जाहीर करून टाकलं, "यंदा जाखडी बंद."

त्यांच्या लेकीला, तेजस्वीला, हे पटेना. लहानपणापासून भिकाजीच्या मागे बसून तिने ढोलकीचा ठेका न् ठेका गिळला होता. पण बाईमाणसाने जाखडीच्या रिंगणात मध्ये बसून ढोलकी वाजवायची नाही, असा गावाचा नियम. तो कोणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तो मोडायची परवानगी तरी मागायची कुणाकडे?

"आप्पा, मशीन वाजवंल ढोलकी," ती म्हणाली. "मशीन काय बाईमानूस नाय ना?"

"जीभ बापाचीच घेतलीय पोरीनं," तिची आई हौसा चुलीपाशी हसली. बुवांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला, म्हणजे कबूल झाले.

तेजस्वी रत्नागिरीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. मिरकरवाड्यातल्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचं ड्रम मशीन तिथे दुरुस्तीला आलं होतं आणि परत न्यायला कोणी फिरकलंच नव्हतं. मालकाने ते तिला दिलं. दुसरं यंत्र भावाचं. ओमकार बोटीवर नोकरीला. कुठल्याशा बंदरातून त्याने हातात मावणारा व्हिडिओ गेम आणला होता. त्यात खेळ नव्हताच, गाणं बसवायचं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावरच्या एकेका घरात एकेक सूर ठेवला की ते चिमुकलं यंत्र पिपाणीसारखं गाऊ लागे.

ठेका एकात, सूर दुसऱ्यात. दोन्ही एकदम सुरू केली की पहिलं कडवं झकास जाई, दुसऱ्यात सूर पुढे पळे आणि तिसऱ्यात दोघांची तोंडं दोन दिशांना. वेग सारखाच लावला तरी तीच गत. शेवटी तिने एक वायर तयार केली. ड्रम मशीनमधून प्रत्येक मात्रेला विजेचा एक ठोका बाहेर पडे, तो गेममध्ये सोडला. ठोका आला की गेम एक घर पुढे सरके, नाही आला तर थांबे. आता कितीही वेळ वाजवा, दोघांत तसूभर फरक नाही! तेजस्वी दुकानातच एक गिरकी घेऊन मोकळी झाली.

पण तालमीला जमलेले घुंगरूवाले मात्र तोंडघशी पडले. आमच्याकडचा बुवा ओळीच्या शेवटी सूर धरतो तो दम आणि मर्जी असेतोवर. ढोलकीवाला घुमवत थांबतो, आणि बुवा सुरावरून खाली उतरला की बरोबर त्याच्या पायाशी थाप टाकतो. ढोलकीमागे वाढलेल्या पोरीला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण यंत्रांचं लग्न लावायच्या नादात ती साफ विसरली. बुवा सुरात तरंगत होते, यंत्रं पुढल्या कडव्यात पोचली होती आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले होते.

"गो बाय, ह्या मशीनीला सबुरी नाय!" बुवा वैतागले. "भिकाजी माज्या तोंडाकडं बगायचा. ह्ये कुनाकडं बगतंय?"

तेजस्वीला रडूच कोसळलं. पण रडता रडता तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. गेम ड्रम मशीनकडे बघतो, हे खरं. ड्रम मशीन कुणाकडेच बघत नाही. पण बाहेरून ठोका घ्यायची सोय त्यालाही होती! मग दोघांनाही आपणच ठोका दिला तर?

तिने दुकानातून दारावरच्या बेलचं बटण आणलं आणि सेल लावून दोन्ही यंत्रांना जोडलं. एकदा दाबलं की कधीकधी दोन ठोके जात, म्हणून तो जादा ठोका गिळायला मध्ये एक कपॅसिटर टाकला. आता बोट पडलं की ठेका आणि सूर मिळून एक पाऊल टाकत. बोट थांबलं की दोघेही थांबत.

गौरी आल्या त्या संध्याकाळी अंगणात जाखडी उभी राहिली. मध्ये यंत्रं, मध्ये सदूबुवा, आणि बटण दाबायला मध्येच तेजस्वी. म्हातारी मंडळी जरा चुळबुळली, पण बटणाबद्दल नियम कुठे होता?

बुवांनी सूर धरला. तेजस्वीचं बोट वर थांबलं, डोळे बापाच्या तोंडावर. बुवांनी मान खाली आणली, बोट पडलं, आणि सगळ्यांची घुंगरं एकदम वाजली. मग ती विचार करायचीच थांबली. बोट आपोआप भिकाजीसारखं चालू लागलं, लय चढवू लागलं. आपण बटण दाबत नाही, आपण वाजवतोय, हे तिला कळलं.

शेवटच्या कडव्यात बुवा गावाचं, देवीचं आणि ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव गुंफतात. यंदा ती जागा रिकामीच जाणार, असं तेजस्वीने गृहीत धरलं होतं. बुवांनी गावाचं नाव घेतलं, देवीचं घेतलं, आणि ते खुल्या गळ्याने गायले:

"ढोलकीला तेजस्वी, सदूची गो लेक..."

तिचं बोट पडेचना. यंत्रं मुकी, घुंगरं मुकी, सगळं अंगण टकामका बघतंय. पण सदूबुवा त्या 'लेक'वरचा सूर सोडेनात. मान लालबुंद झाली, गळ्याच्या शिरा टरारल्या, तरी तिच्या तोंडाकडे बघत ते सूर धरून थांबले. तेजस्वीने ओढणीने डोळे पुसले आणि बटण दाबलं.