अनुसयाबाईंचं नाव मुरलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना छापायचा दगड आहे. राग धरून ठेवणं माझ्या घडणीतच आहे. मी चुनखडीचा. तेलकट शाईनं माझ्यावर लिहिलं की ती चरबी माझ्या आत मुरते. मग मला ओलं करून शाईचा रूळ फिरवला, की कोरी जागा शाई घेत नाही, अक्षरं तेवढी घेतात. ती कायमची घालवायची तर वाळू-पाणी टाकून दुसऱ्या दगडानं मला खोलवर घासावं लागतं.

निजामाच्या राज्यात मी जवळा बाजार या गावी हरिचंदाच्या छापखान्यात होतो. विधवेला नवऱ्याच्या शेतात वाटा मिळावा, असा लेख अनुसयाबाईंनी माझ्यावर स्वतः, कागदावर सुलट उमटावा म्हणून उलट्या अक्षरांत लिहिला. त्या स्वतः विधवा होत्या. खाली त्यांनी आपलं नाव घातलं. लेख गाजणार हे हरिचंदानं ओळखलं. छापण्याआधी त्यानं ते नाव घासलं आणि त्याच जागी आपलं लिहिलं.

अनुसयाबाई जाब विचारायला आल्या, तेव्हा तो हसला. "बाईमाणसाचं नाव कोण वाचून राहिलंय?"

पुढे छापखाना बंद पडला. मला पालथं घालून दाराची पायरी केलं. लोक माझ्या पाठीवर चपला झाडत. मी दात नसतानाही दात खात पडून होतो. हरिचंदानं घाईत वरवर घासलं होतं, हे मला माहीत होतं.

यंदा त्याचा नातू परमेश्वर त्या जागेत वाचनालय काढून त्याला 'स्त्रीहक्कांचे पहिले लेखक' हरिचंद यांचं नाव देणार होता. पायरी बदलताना मला उलथलं. अनुसयाबाईंची पणती साधना तिथंच उभी होती. लेख पणजीचा, असं ती घरात ऐकत आली होती, पण पुरावा नव्हता. रसायनशास्त्र शिकलेली ती पोरगी माझ्यावर वाकली आणि हरिचंदाच्या नावाखालची घासल्याची खूण तिनं हेरली.

"काका, उद्घाटनाला सगळ्यांसमोर छापून दाखवू का?"

आजोबाचंच नाव उमटणार, म्हणून परमेश्वर खुलला. "व्हय, दाखव की! पेपरवाल्यालाबी बोलावतो."

उद्घाटन बाजारच्या दिवशी होतं. तिनं मला धुतलं, ओलं केलं, रूळ फिरवला. कागद ठेवून चमच्याची पाठ दाबून घासली. कागद उचलला. हरिचंदाच्या नावाखालून, फिकट पण स्वच्छ, अनुसयाबाईंचं नाव वर आलं होतं.

भाजीवाल्या जनकाबाई मोठ्यानं ओरडल्या, "अगं बाई! हरिचंदाच्या पोटातून आमची अनुसयाबाई निघाली!"

सगळा बाजार हसला. परमेश्वर घाम पुसत कुजबुजला, "पोरी, वाचनालयाला तुझ्या पणजीचं नाव देतो. पण दगडावरून आजोबाचं घासून टाक."

"काहून, काका? घासणं तुमच्या घराण्याला जमत न्हाई."

मित्रांनो, आज मी त्याच दारात भिंतीला टेकून उभा आहे. वर अनुसयाबाईंच्या नावाची पाटी आहे, शेजारी तो कागद. एकच विनवणी आहे. मला धुळीपासून, चुनखडी खाणाऱ्या लिंबाच्या थेंबापासून जपा, पण हरिचंदाचं नाव पुसू नका. येणारं प्रत्येक लेकरू त्यावर बोट ठेवून विचारतं, "हा कोण?" आणि साधना दर वेळी सांगते. ते ऐकायलाच मी इतकी वर्षं चपला सोसल्या.