गजेंद्रावरची पांढरी जागा

मित्रांनो, मी देवळातली एक चितारलेली भिंत आहे. वय विचाराल तर दीडशेच्या पुढचं. नेमकं सांगणारं आता कुणी उरलं नाही. रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीकाठच्या एका विष्णूमंदिरात मी उभी आहे. माझ्या अंगावर रंग दोनच. जांभ्याच्या मातीची लाल काव आणि शिंपल्या भाजून केलेला पांढरा चुना.

मला घडवलं भिकाजी चिताऱ्याने. ओल्या चुन्यावर तो लाल कावेचा थर द्यायचा आणि तो सुकायच्या आत लोखंडी टोच्याने खरवडायचा. जिथे खरवडलं तिथे खालचा चुना उघडा पडे. म्हणजे माझं लाल हे राखलेलं आणि पांढरं हे कमावलेलं, एवढं ध्यानात ठेवा.

त्याने गजेंद्रमोक्ष काढला. डाव्या कोपऱ्यात खाली, मगरीने पाय धरलेला हत्ती, सोंडेत वर धरलेलं कमळ. उजवीकडे पार वर, गरुडावर बसून निघालेला देव, अगदी वीतभर. मधे काही नाही. नुसतं पांढरं. हत्ती एका दिवसात झाला, देव अर्ध्या दिवसात. मधल्या पांढऱ्याला मात्र, रोज ओला थर थोडा थोडा देत, भिकाजीने नऊ दिवस घेतले. त्याच्या हाताची सालटं निघाली होती हो!

सुरुवातीला माझं कोण कौतुक! नव्या सुनांना मुद्दाम आणून दाखवत. पुढे समईची काजळी चढली, ओल आली. एकाने गरुडाच्या पंखाशेजारी पंख्याचं बटण बसवलं. काव कशी लावतात हे जाणणारी माणसं गेली आणि गावात बोलणं सुरू झालं, "चितारी अर्ध्यावर टाकून गेला. मधलं रंगवायचं राहिलं."

माझ्याकडे रोज बघणारी एकटी सोनूबाई. ती देऊळ झाडते. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला आहे, वर्षातून एकदा घरी येतो. झाडून झालं की ती केरसुणी बाजूला ठेवते आणि त्या पांढऱ्याकडे बघत बसते.

यंदा शिमग्याच्या आधी देवस्थानचे अध्यक्ष दादूकाका म्हणाले, "मुंबईकर मंडळींची इच्छा हाय. आभाळ निळं करू, खाली तळं, चार कमळं. एकदाचं पुरं होऊ दे." संगमरवरी पाटीसुद्धा आली, 'चित्र पूर्ण केले' असं कोरून. हातखंब्याच्या नाक्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणारा दीपक ऑइलपेंटचे डबे घेऊन शिडीवर चढला. एकदा ते तेल चुन्यात मुरलं की मी संपले.

"अरे दीपक, नको रे!" सोनूबाई खालून ओरडली. "रिकामं हाय तेच बरं हाय."

"मावशी, रिकामं कुणाला आवडतं?" दीपक हसला.

"मला आवडतं. हत्तीने हाक मारलीय, देव अजून पोचायचाय. मधला वेळ हाय तो. माझा पोरगा तिकडे, मी इकडे. मला नको तिथे कमळं."

दादूकाका वैतागले. "सोनूबाई, चित्रातलं तुला काय कळतं?"

आणि दीपकने पहिला पट्टा ओढला. हातभर निळा. मित्रांनो, त्या गारव्याने मी आजही शहारते.

ब्रशचा एक केस माझ्यावर चिकटून राहिला. तो काढायला दीपकने नख लावलं आणि ते लालाच्या कडेला अडलं. त्याने बोट फिरवलं. लाल उंच, पांढरं खोल. पुन्हा फिरवलं. मग त्याने ब्रश डब्यात ठेवला, मोबाइलची बॅटरी लावली आणि भिंतीला टेकवून आडवी धरली.

सगळ्या पांढऱ्यावर बारीक ओरखडे उठले, हजारो. एकूण एक तिरपे, गरुडापासून सुटून खाली गजेंद्राच्या सोंडेकडे उतरणारे.

"काका," दीपक शिडीवरूनच म्हणाला, "हे रंगवायचं राहिलेलं नाय. सगळी भिंत लाल होती. एवढं त्याने खरवडून काढलंय. देव कुठून कुठे येतोय ते दाखवायला."

दादूकाका स्वतः शिडी चढले. बराच वेळ बोट फिरवत राहिले. खाली उतरले तेव्हा सोनूबाईकडे बघून म्हणाले, "चुकलो गो बाय." पाटी त्यांनी उलटी करून भिंतीशी ठेवली. सोनूबाई पदराने डोळे पुसत होती.

"माझा हात घालायला ह्यात जागा नाय," एवढंच बोलून दीपकने डबे उचलले. निळा पट्टा मात्र राहिला. तो खरवडला तर खालचे ओरखडेही जातील.

आता देवळात कुणी आलं की सोनूबाई आधी बॅटरी आडवी धरायला सांगते. लोक त्या निळ्याबद्दल विचारतात. ती म्हणते, "तेवढ्या पट्ट्यात देवाची वाट दिसायची बंद झालीय."

मित्रांनो, जुन्या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा त्यात काय कमी आहे ते लगेच ठरवू नका. जिथे काहीच दिसत नाही, तिथे जरा जास्त वेळ थांबा. माझ्या भिकाजीचे नऊ दिवस तिथेच गेले.