उशिरा मारलेली उडी

मित्रांनो, जिच्यावर कुणी धड बसलंच नाही, नुसत्या उड्याच मारल्या, अशी एक जुनी खुर्ची मी आहे. हात-पाय लाकडाचे, पोटात लोखंडी स्प्रिंगा आणि वर जाड हिरवं कापड. मला बोलता येत नाही, पण वजन कळतं. माणूस दमून बसलाय की रुसून बसलाय, हे त्याच्या चेहऱ्यावर उमटायच्या आधी माझ्या स्प्रिंगांना समजतं. या समजण्याचा मला पुढे फार त्रास झाला.

माझा जन्म गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सुताराच्या दुकानात झाला. ज्याने मला करायला सांगितलं, तो तेव्हा ऐन तारुण्यात होता. पोहण्याच्या तलावावर त्याला जीवरक्षकाची कायमची नोकरी लागली होती आणि टीव्हीसमोर बसायला त्याला स्वतःची खुर्ची हवी होती.

"मऊ करू की टणक?" सुताराने विचारलं.

"कशीही कर. उडी मारली तर मोडायला नको."

सुतार हसला आणि त्याने माझ्या पोटात नेहमीपेक्षा जाड स्प्रिंगा घातल्या. त्या पुढे कामी आल्या, कारण माझा मालक फुटबॉलवेडा होता. सुट्टीच्या दिवशी सामना असला की घर भरायचं. त्याच्या बायकोचा भाऊ, ज्याला सगळे मामा म्हणत, तो सगळ्यात आधी यायचा आणि सगळ्यात जास्त ओरडायचा. शेजारचे दोघंतिघं यायचे. मुलगी जमिनीवर फतकल मारून बसायची. बायको कोपऱ्यात शिवणयंत्रावर काम करायची. तिला खेळात काडीचा रस नव्हता, पण बॉबिन भरता भरता ती नवऱ्याकडे बघून हसायची.

मालकाची नजर घारीसारखी होती. मैदानावरच्या पंचाने शिट्टी फुंकायच्या आत तो "ऑफसाइड" म्हणून मोकळा व्हायचा, आणि दहातल्या नऊ वेळा तो बरोबर असायचा. म्हणून त्याचं नाव पडलं रेफ्री. गोल व्हायच्या क्षणभर आधीच माझ्या स्प्रिंगा सुटायच्या. चेंडू जाळ्यात जाईपर्यंत तो हवेत असायचा. मामा म्हणायचा, "दाजी, तुम्ही आधीच उडता, मग आम्ही मॅच कशाला बघायची?"

तलावाच्या काठी त्याची आणखी एक खुर्ची होती, उंच, लोखंडी, शिडीची. दिवसभर तो तिच्यावर बसून पाण्यावर नजर ठेवायचा. मी तिला मनातल्या मनात सवत म्हणायचे. पण तिचा मला हेवा नव्हता. ती बिचारी उन्हात तापायची, आणि तिच्यावर कुणी आनंदाने उड्या मारत नसे.

असा बराच काळ गेला. माझं कापड दोनदा बदललं, मुलगी कॉलेजात गेली. मग एका सामन्यात एक छोटीशी गोष्ट घडली. गोल झाला. मामा उठला, मुलगी उठली, शेजारी उठले. माझ्या स्प्रिंगा मात्र दबलेल्याच होत्या. एक श्वास गेला, आणि मग मालक उडाला. सगळ्यांच्या आरड्याओरड्यात ते कुणाला कळलं नाही. मला कळलं.

पुढच्या सामन्यात तसंच झालं. त्याच्या पुढच्यातही. तो आता टीव्हीकडे कमी आणि मामाच्या तोंडाकडे जास्त बघायला लागला. मामाने तोंड उघडलं की हा पाय जमिनीवर रोवायचा. "ऑफसाइड" हा शब्द त्या घरातून हळूहळू नाहीसा झाला. कधीतरी तो सहज विचारल्यासारखं विचारायचा, "कुणाच्या पायात आहे आता?" मामाला वाटायचं, दाजी आपली परीक्षा घेतायत.

आणि एके दिवशी सामना अर्धा झालेला असताना तो उठला. म्हणाला, "बंद करा रे तो टीव्ही. आताशा खेळात काही राम राहिला नाही. सगळा बाजार झालाय."

मित्रांनो, हे कारण इतकं छान होतं की सगळ्यांना पटलं. शेजारी म्हणाले, खरं आहे, पूर्वीचे खेळाडू राहिले नाहीत. मुलीला अभ्यासाला शांतता मिळाली. बायको म्हणाली, "देव पावला. आता सुट्टीच्या दिवशी घर घरासारखं दिसेल." मामा तेवढा हिरमुसला. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून त्याने येणं कमी केलं. टीव्हीवर कापड पडलं. रेफ्री शहाणा झाला, असं सगळे म्हणू लागले.

माझ्यावर तो अजून बसायचा, पण पूर्वीसारखा रेलून नाही. पुढे सरकून, दोन्ही हातांनी माझे हात धरून बसायचा, बुडत्या माणसाने काठ धरावा तसा. सकाळी शिट्टी गळ्यात घालून तो तलावावर निघाला की दाराची चौकट त्याच्या खांद्याला लागायची. तो खांदा चोळत निघून जायचा आणि मी रिकाम्या खोलीत माझ्या सवतीचा विचार करायचे. ती तरी काय करणार? तिलाही माझ्यासारखंच तोंड नव्हतं.

मग चहाचे कप पडायला लागले. बायको माझ्या उजव्या हातावर कप ठेवायची. वर्षानुवर्षं तो न बघता उचलायचा. आता त्याचं कोपर कपाला लागायचं आणि चहा माझ्या कापडावर. पहिल्यांदा तो हसला. पुढे पुढे चिडू लागला.

"ही खुर्चीच खिळखिळी झालीये. डुगडुगते. टाका तिला बाहेर."

मला मागच्या गॅलरीत नेऊन ठेवलं. माझ्यावर वाळत घातलेले टॉवेल पडू लागले, धुण्याची बादली बसू लागली. इतकी वर्षं ज्याला उचलून धरलं, त्याने माझ्यावर खोटा आळ घेतला याचं वाईट वाटलं. पण भीती त्याहून मोठी होती. खुर्ची डुगडुगते असं म्हणून त्याने सगळ्यांची समजूत घातली होती, आणि बहुतेक स्वतःचीही.

बायकोला मात्र मला फेकवेना. तिने त्याच सुताराला बोलावलं. तो आता म्हातारा झाला होता. त्याने मला सपाट फरशीवर उभं केलं, माझ्या हातावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि मला हलवून पाहिलं. पाण्याचा थेंब सांडला नाही.

"वहिनी, ही अजून वीस वर्षं जाईल."

"मग कप का पडतात हो?"

"ते मला नाही सांगता येणार. पण खुर्चीने पडत नाहीत."

सुतार गेल्यावर ती बराच वेळ माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने मला ओढत पुन्हा खोलीत आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालक माझ्यावर बसून पेपर वाचत होता. ती चपला काढून चहाचा कप घेऊन उजवीकडून आली आणि त्याच्या कानाशी उभी राहिली. त्याने पान उलटलं. तिने कप हळूच त्याच्या गालाजवळ आणला. तो वाचतच होता. कपातून वाफ निघत होती, आणि माझ्यावरचं वजन अगदी स्वस्थ होतं. कप सरकत सरकत जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा तो दचकला.

"अगं, कधी आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली. "त्या खालच्या जाहिरातीत काय लिहिलंय हो बारीक?"

त्याने घडाघडा वाचून दाखवलं. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुम्हाला बाजूचं दिसत नाही."

"काहीतरीच काय? दरवर्षी तपासणी होते आमची. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचतो मी."

"तक्ता समोर असतो. मी तुमच्या कानाशी कप धरून उभी होते. तुम्ही पान उलटलंत, पण मी नाही दिसले."

मला त्याचं वजन एकदम वाढल्यासारखं वाटलं. तो बोलला, पण तिच्याकडे न बघता.

"चेंडू हरवायचा गं. हिरवं मैदान दिसायचं, एखादा खेळाडू दिसायचा, चेंडू कुठे गेला ते कळायचंच नाही. तुम्ही ओरडलात की मी ओरडायचो. मग म्हटलं, कशाला ही सोंगं? बघायलाच नको."

"आणि तलावावर?"

तो माझे हात घट्ट धरून बसला. लाकूड करकरलं.

"गेल्या आठवड्यात एक मुलगी बुडत होती. सात-आठ वर्षांची. माझ्या शिडीच्या अगदी बाजूला. पलीकडच्या काठावरच्या माणसाने उडी मारली. ते पाणी उडालं म्हणून मी खाली बघितलं आणि मग मी उडी मारली. तोवर त्याने तिला वर काढलं होतं. ती खोकली, रडली. तिची आई माझेसुद्धा आभार मानून गेली."

"कुणाला सांगितलंत?"

"तुलाच. आत्ता."

बायको उठली. दुपारी जेवायला घरी आला तरी गळ्यातली शिट्टी तो काढत नसे. ती तिने त्याच्या डोक्यावरून काढून घेतली. त्याने मान खाली करून काढू दिली. त्या दुपारी ती दोघं आधी तलावाच्या साहेबांकडे गेली आणि तिथून डोळ्यांच्या दवाखान्यात.

दुखण्याचं नाव काचबिंदू निघालं. मामा धावत आला, तेव्हा तिने त्याला समजावून सांगितलं. अंधार कडेने आत येतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि मधलं बराच काळ नीट दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जेवढं गेलं ते परत येत नाही. औषधाचे थेंब नेमाने घातले तर उरलेलं राखता येतं. मामा खाली मान घालून म्हणाला, "ताई, मी शेजारी बसायचो आणि मला वाटायचं दाजी माझ्यावर रागावलेत."

मालकाला तलावाच्या पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या खोलीत काम मिळालं. मुलीचे डोळे तपासले, ते चांगले निघाले. डॉक्टरांनी बजावलंच होतं की हे दुखणं रक्ताच्या नात्यात असू शकतं. मुलांना तपासा, भावंडांना तपासा.

भावंड एकच होतं. धाकटा भाऊ, लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवणारा. फोनवर तो हसण्यावारी नेत राहिला. शेवटी एका संध्याकाळी वाट वाकडी करून भावाला बघायला आला. खाली गल्लीत ट्रक उभा करून, किल्ली बोटाभोवती फिरवत वर आला आणि ऐसपैस माझ्यावर बसला. मालक समोर स्टुलावर बसला होता.

"भाऊजी, तपासून घेतलंत का?" बायकोने विचारलं.

"वहिनी, मला काय धाड भरलीये? रात्रंदिवस गाडी हाकतो. रात्री पोचायचंय मला, चहा तेवढा द्या." मग त्याने भावाला विचारलं, "दादा, तुला पहिल्यांदा कळलं कशावरून?"

"चेंडूवरून. टीव्हीवर चेंडू सापडेना. मग बघणंच सोडलं. लोकांना सांगितलं, मजा राहिली नाही."

बोटाभोवती फिरणारी किल्ली थांबली.

"मीपण बघत नाही मॅच," धाकटा म्हणाला. "वर्ष झालं. मला वाटलं, कंटाळा आला."

खाली ट्रकमागे अडकलेली कुठलीशी गाडी हॉर्न वाजवत होती. धाकट्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. तो उठेल असं मला वाटत होतं. तो उठला नाही. त्याचं वजन माझ्यात खोल खोल जात राहिलं. मालक स्टुलावरून उठला, चाचपडत पुढे आला आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आपल्या आवडत्या गोष्टीकडे पाठ फिरवली, तर तो शहाणा झाला म्हणून खूश होऊ नका. त्याने दिलेलं कारण फारच छान वाटलं, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि पुन्हा एकदा विचारा. आमच्यासारख्या लाकडाच्या जिवांना सगळं कळतं, पण विचारता येत नाही. तुम्हाला येतं.