तानुबाईच्या पेटीतला मुखत्यारनामा

मित्रांनो, मी एक जुना मुखत्यारनामा आहे. परमुलखी गेलेल्या माणसाच्या वतीने सही करण्याचा हक्क ज्या कागदाने दुसऱ्याला मिळतो, तो मी. माझा जन्म मेहकरात, मार्तंडरावांच्या बैठकीत झाला. दूर नोकरीला गेलेल्या पाच-सहा जणांची शेती आणि कोर्टकचेरी ते सांभाळत. जानेफळचे शेषराव आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीवर निघाले, तेव्हा त्यांनी मला न वाचताच सही केली. बोट चुकेल, एवढीच त्यांना काळजी होती.

त्यांची थोरली बहीण तानुबाई माहेरीच राहत असे. तिला वाचता येत नव्हते. पण कुठल्याशा मुखत्याराने मालकाच्या माघारी त्याचे शेत परस्पर विकले, हे तिच्या कानावर आले होते. तिने मला मार्तंडरावांकडे राहू दिले नाही. लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवले.

"काम पडलं का इथं येऊन मांगा," ती म्हणाली.

तीन वर्षे मार्तंडराव मला नेत आणि सांजेला परत आणून देत. दर वेळी तानुबाई मला उजेडात धरून माझ्या ओळी मोजी. तो संशय मला फार बोचे.

मग शेजारच्या उत्तमरावांनी शेषरावांच्या शेतातल्या विहिरीच्या तुकड्यावर दावा लावला. मार्तंडराव घाईने आले. "उद्या तारीख आहे. कागद द्या."

"देत नाही. मीच घेऊन येईन," तानुबाई म्हणाली.

कोर्टात कारकुनाने मला मोठ्याने वाचले. 'शेत गहाण टाकण्याचा व विकण्याचाही अधिकार' हे शब्द आले, तशी तानुबाई उठून उभी राहिली. दावा फेटाळला गेला, तरी तिच्या तोंडावर आनंद नव्हता. बाहेर येताच तिने विचारले, "विकाचं काऊन लिहिलं?"

"सगळ्यांच्याच कागदात तसं लिहितो, बाई. विकलं मात्र कुणाचं नाही."

"विकलं असतं तं मले कोन सांगनार होतं?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्याच अक्षरांची भीती वाटली.

आठवड्याने मार्तंडराव शेषरावांना लिहिलेले पत्र घेऊन आले. गहाण आणि विक्री वगळून नवा मुखत्यारनामा पाठवा, असे त्यात होते. तानुबाईने शाळेच्या मास्तरांकडून ते दोनदा वाचून घेतले आणि स्वतः टपालात टाकले. पाच महिन्यांनी बोटीने नवा कागद आला. माझ्या कपाळी तांबड्या शाईने 'रद्द' लिहिले गेले.

नवा कागद मात्र तिने मार्तंडरावांच्या हातात दिला. "राहू द्या तुमच्यापाशी. पन दर दिवाळीले आनून मास्तराकून वाचून दाखवाचा."

"आणीन," ते म्हणाले. आणि दर दिवाळीला ते आणत राहिले.

मित्रांनो, माझ्या घड्या आता फाटत आल्या आहेत. मला सांभाळा, असे मी म्हणत नाही. सहीआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत ऐका, आणि कुणी प्रश्न विचारला तर त्याच्यावर रागावू नका. मला तीन वर्षे साऱ्यांनी जपले. तानुबाईला वाचून मात्र कुणीच दाखवले नव्हते.