सुपरवायझरचं वेगळं टेबल

राधेश्याम शेठना टेंभुर्णीला बियाण्यांचा दुसरा कारखाना काढायचा होता. जागा झाली, यंत्रं ठरली आणि घोडं अडलं ते सुपरवायझरपाशी. जालन्याच्या कारखान्यात बियाणं निवडणाऱ्या बाया टेंभुर्णीच्याच. पण एकही सुपरवायझर व्हायला तयार नव्हती. पगार जास्त, मान जास्त, वर काम गावातच. तरी नाही म्हणजे नाही!

"मॅडम, सोमवारपर्यंत जमलं न्हाई, तर मी ठेकेदाराला देऊन टाकतो," शेठ एचआर प्रमुख अर्पिताला म्हणाले. "मंग बायांचं काय ते तो बघंल."

ठेकेदार काय बघतो, ते अर्पिताला पक्कं ठाऊक होतं: मजुरी कापायची, नाहीतर कामावरून काढायचं. बायांची काळजी तिला होतीच. पण त्याहून जास्त छळत होतं ते कोडं. चालून आलेली बढती कोण नाकारतं? त्यांच्यातल्या साळूबाईने तर जालन्यातच सुपरवायझरचं काम घेऊन महिन्याभरात परत केलं होतं. विचारलं की हसायची, "बरं हाय की असंच."

अर्पिता मुळातच चौकस. लहानपणी घरातलं घड्याळ खोलून मार खाल्लेली. दुपारच्या सुट्टीत ती कारखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभी राहिली. बायांचा गोल बसला होता. एकीची भाकरी, दुसरीचा ठेचा, तिसरीच्या सुनेची तक्रार. कुणाचा डबा कुणापुढे, पत्ता लागेना. आणि तिकडे ऑफिसच्या कँटीनमध्ये सुपरवायझरांसाठी पंख्याखाली वेगळं टेबल, फुकट जेवण. हा मान अर्पितानेच मोठ्या हौसेने सुरू केला होता.

"साळूबाई, तिथं एकटीला जेवण जात नव्हतं ना?"

साळूबाईने मान खाली घातली. "घास उतरत न्हवता, मॅडम. अन् इकडं आले, की सगळ्या चिडीचूप. जशी मी परकीच."

अर्पिताला हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. तिने शेठना गाठलं. "ते टेबल बंद करू. सुपरवायझर गोलातच जेवतील."

"एवढ्यावर माझा कारखाना अडला?" शेठ बघतच राहिले.

"एवढ्यावरच!"

सोमवारच्या आत साळूबाई तयार झाली, तिच्यामागून गोलातली चांगुणाबाईही. मात्र साळूबाईने एक अट घातली. "तुमीबी डबा घेऊन या. केबिनमदी एकट्याच जेवता, आमाला दिसतं की."

 तीन वर्षं अर्पिता मोबाइल बघत जेवली होती आणि आपण एकट्या का जेवतो, हे कोडं तिला कधी पडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती लिंबाखाली अवघडून बसली. डबा उघडला मात्र, चारी बाजूंनी हात आले. तिने पहिला घास मोडायच्या आत तिची वांग्याची भाजी फस्त झाली होती.