कॅप्टनचं डोकं

सप्टेंबरात, बर्फावर पाय ठेवायच्याही आधी, डॉक्टर प्रूडॉमबाईंनी आम्हाला एकेकीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर शब्द येतात आणि जातात, मग कोणते आले होते ते सांगायचं. आकृत्या लक्षात ठेवायच्या. लाल दिसलं की बटण दाबायचं. हे तुमच्या धडधाकट डोक्याचं माप. पुढे कधी डोक्याला मार बसला की हीच परीक्षा परत द्यायची, आणि मार्क सप्टेंबराइतके आले तरच खेळायची परवानगी.

यातली मेख कुठल्याही जुन्या खेळाडूला कळते. आधीच कमी मार्क पाडून ठेवले की पुढे कमी मार्कांतही पास.

"हळू दाबा गं पोरींनो!" शॅपी दारातून ओरडली. "आज ढ व्हा, म्हणजे जानेवारीत हुशार ठराल!"

सगळ्या खिदळल्या, मीही. तिने स्वतः ती परीक्षा अर्धवट झोपेत असल्यासारखी दिली आणि बाहेर येऊन मला डोळा मारला.

शॅपी म्हणजे रॉक्सान लाशापेल, आमची कॅप्टन. वर्षानुवर्षं तिने आमच्या सडबरी गावात दारोदार टपाल वाटलं आणि खिशातले पैसे घालून बर्फावरची हॉकी खेळली. बर्फाचं मैदान पहाटे मिळायचं, कारण चांगल्या वेळा पुरुषांच्या. मी तार्या निस्कानेन, तिच्यामागे बचावात उभी राहणारी. सगळ्या मला निस्की म्हणतात. नव्या पोरी पाठीमागे 'आजी' म्हणतात आणि त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही. अखेर बायकांना पगार देणारी लीग निघाली आणि तिच्यातली एक टीम आमच्या खाणींच्या गावाला मिळाली. घाई एवढी, की टीमला नावसुद्धा ठेवलं नव्हतं. छातीवर नुसतं 'सडबरी'. पहिल्या दिवशी शॅपी ती जर्सी मांडीवर घेऊन बसली होती, घालेचना. मी म्हटलं, "अगं घाल, चावत नाही ती."

मार्चपर्यंत आम्ही बाद फेरीच्या उंबऱ्यावर येऊन पोचलो होतो. दोन सामने उरले होते, दोन्ही घरचे, आणि दोन्ही जिंकायलाच हवे होते.

पहिला क्वेबेकशी. दुसऱ्या सत्रात शॅपी कोपऱ्यात पक, म्हणजे आमची रबरी चकती, काढायला गेली आणि त्यांची एक धिप्पाड बाई मागून तिच्यावर येऊन आदळली. शॅपीचं डोकं मैदानाभोवतीच्या काचेला लागलं. तो आवाज मी बर्फाच्या दुसऱ्या टोकाला ऐकला. ती गुडघ्यांवर उठली, मग उभी राहिली. बाकावर प्रूडॉमबाईंनी विचारलं तर म्हणाली, "काच बघा फुटली का, तिची काळजी करा." बाकावरच्या हसल्या आणि बाईही हसल्या.

तिसरं सत्र संपत आलेलं, बरोबरी. मी पक तिच्याकडे सरकवला आणि तिने असा काही हाणला की त्यांच्या गोलकीपरला जाळी हलल्यावरच कळलं. सगळी टीम काचेपाशी एकमेकींवर कोसळली. त्या ढिगात माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटला टेकलं होतं, आणि कुणास ठाऊक का, मी बोलून गेले. "शॅपी, हे माझं शेवटचं वर्ष. गुडघे संपले. अजून आईलाही सांगितलं नाहीये."

ती माझ्या डोळ्यांत बघून हसली आणि हातमोजा माझ्या डोक्यावर आपटला.

आमच्यात जिंकून देणारीला खाणीतलं जुनं हेल्मेट घालायला मिळतं, कपाळावर दिवा असलेलं. पुढच्या सामन्याआधी सुरुवात करणाऱ्या सहा जणींची नावंही तिनेच ते घालून वाचायची. शॅपीने हेल्मेट घातलं, पोरींनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी दिवा लावला तर तिने तो झटकन बंद केला.

रविवार गेला, सोमवार गेला. शॅपी माझ्या गोष्टीवर चकार शब्द काढेना. एकोणिसाव्या वर्षापासून ओळखते मी या बाईला. तिच्या लग्नात मी नाचले, घटस्फोटात तिचा सोफा दोन जिने वाहून नेला. एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदा तिला सांगितली, आणि तिला दोन शब्द सुचू नयेत? मी आतल्या आत धुमसत होते. सोमवारी प्रूडॉमबाईंनी तिची परीक्षा घेतली. पास. सप्टेंबरापेक्षा एक मार्क जास्तच.

सरावाला आम्ही माझ्या गाडीतून जायचो. त्या आठवड्यात बाहेर बर्फ भुरभुरतोय, आभाळ राखेसारखं, आणि शॅपी काळा चष्मा लावून बसलेली. रेडिओ लावला की बंद करायची. मी म्हटलं, "नटी झालीस काय गं एका गोलात?" तर नुसती हसली.

गुरुवारी सरावानंतर आम्ही गाडीतच पोर्केटा, म्हणजे मसाल्यात भाजलेलं डुकराचं मांस, भरलेले पाव खात होतो. तिने दोन घास खाल्ले आणि पाव परत कागदात गुंडाळला.

"पुढच्या वर्षी ना निस्की, आपण कोचला सांगू," ती म्हणाली, "नवी जोडीदारीण नको. तू मागे, मी पुढे. दोन वर्षांचा करार मागू दोघी मिळून."

माझं टाळकंच सरकलं. "तुला काही लाज? थट्टा करायची एवढीच गोष्ट सापडली?"

"काय केलं मी?"

"मी तुला काय सांगितलं शनिवारी?"

"कधी?"

"गोल झाल्यावर. ढिगात. तुझ्या कानात."

तिने चष्मा काढला. डोळे लाल होते. आधी वाटलं, नाटक करतेय. मग तिचा चेहरा नीट पाहिला. शाळेत न केलेला गृहपाठ विचारल्यावर पोरं बघतात, तशी ती बघत होती.

"भारी मारलास, म्हणालीस," ती चाचरत म्हणाली. "हेच म्हणालीस ना?"

"शॅपी, तुला गोल आठवतोय का?"

"म्हणजे काय? तू उजवीकडून दिलास, त्यांची गोलकीपर खाली बसली, मी वरच्या कोपऱ्यात..."

"हे टीव्हीवर दिसतं. तुला आठवतंय का?"

ती गाडीच्या काचेवर साचणाऱ्या बर्फाकडे वळली.

"दुसरं सत्र सुरू झालेलं आठवतं," ती म्हणाली. "मग एकदम घरची न्हाणी. नळ चालू होता. मधलं काहीच नाही. व्हिडिओ बघितला मी निस्की, परत परत बघितला. प्रत्येक वेळी वाटतं, कोण ही बाई? किती खूश झालीये." मग आवाज चिरकला. "आयुष्यभर त्या गोलाची वाट बघितली मी, आणि तो मारला तेव्हा मीच नव्हते तिथे."

माझा सगळा राग वितळला. तिच्या मानेवर हात ठेवला तर मान लाकडासारखी कडक होती.

"चल, आत्ताच्या आत्ता प्रूडॉमबाईंकडे."

"मी पास झालेय."

"सप्टेंबरात ढ झाली होतीस म्हणून पास झालीस!"

"सगळ्याच झाल्या होत्या. तू काय पहिली आली होतीस?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "फक्त शनिवार. हॅलिफॅक्सला हरवू दे, मग हवं तर महिनाभर अंधारात झोपते. काय सांगितलं होतंस तू?"

मी सांगितलं. तिने डोळे मिटले.

"म्हणजे शनिवारी हरलो तर तुझं तिथेच संपलं," ती म्हणाली. "आणि जिंकलो तर अजून दोन आठवडे तरी खेळशील. बाद फेरी, भरलेलं स्टेडियम. माझ्याजागी कोण खेळणार, शॉना? पोरगी अजून बुटाच्या नाड्या दोनदा बांधते. मला बसवलंस तर स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेशील, निस्की."

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. चांगला दणदणीत झाला. मलाही ते दोन आठवडे हवे होते. एकच सामना आहे, मी मनाशी म्हटलं, एवढी वर्षं डोकं आपटून घेतलंय तिने, अजून एकदा. आणि त्या विचाराची मलाच शिसारी आली. कारण मला क्वेबेकच्या सामन्यातला तो काचेचा आवाज परत ऐकू आला. एवढ्यात परत लागलं तर ही बाई गोलच काय, माझं नावही विसरेल. कदाचित उठणारच नाही.

"शनिवारी नावं वाचून होईपर्यंत तुला वेळ," मी म्हटलं. "तुझ्या तोंडाने सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन, सगळ्यांसमोर. मग आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी."

"तू नाही सांगणार."

"बघ तू."

"चुगलखोर म्हातारी," ती म्हणाली आणि गाडीतून उतरून चालत घरी गेली, त्या बर्फात.

शुक्रवारी ती दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून आली. सरावात माझ्याकडे बघितलंही नाही. एकदा वळताना तिचा तोल गेला तर तिने बुटाला शिवी दिली आणि त्याचं पातं परत घासून आणायला निघून गेली. चोराच्या मनात चांदणं. मी प्रूडॉमबाईंच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. शब्द दिला होता ना, शनिवारपर्यंतचा. त्या शब्दाला शंभर शिव्या घातल्या.

शनिवारी ड्रेसिंग रूममध्ये भिंतीपलीकडून लोकांचं पाय आपटणं ऐकू येत होतं. पोरी गुडघे हलवत बसल्या होत्या. शॉना पेल्तिए, मॅनिटूलिन बेटावरची आमची सर्वांत लहान खेळाडू, कोपऱ्यात नाड्या बांधत होती. दुसऱ्यांदा. दाराशी प्रूडॉमबाई हाताची घडी घालून उभ्या. कोच वासिलिक कागद घेऊन आल्या आणि त्यांनी तो शॅपीला दिला.

"वाच, कॅप्टन. आणि विनोद कमी कर."

शॅपी पूर्ण पोशाखात होती. खाणीचं हेल्मेट डोक्यावर, दिवा बंद.

"दिवा! दिवा!" पोरी ओरडल्या.

"तुमच्या थोबाडांवर उजेड कशाला वाया घालवू?" शॅपी म्हणाली. हशा पिकला. मला हसू आलं नाही.

तिने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "गोलमध्ये आपली मांजर, बिट्सी!" आरडाओरडा. "मागे डावीकडे लॉरेन. मागे उजवीकडे..." ती थांबली. "उजवीकडे आजी."

पोरींनी काठ्या जमिनीवर आपटल्या. तिच्या गालाचा स्नायू प्रत्येक ठोक्याला उडत होता. मला दिसत होतं, दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं.

"पुढे डावीकडे मॅडी. उजवीकडे क्लोई." आता एकच नाव राहिलं होतं. मधल्या जागेचं. ते पूर्ण हंगामभर एकाच बाईचं होतं.

मी उभी राहिले. गुडघा कडकन वाजला. तोंड उघडलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शॅपीही. मला वाटलं, आता ही बाई कागद माझ्या तोंडावर फेकणार.

"बस खाली, आजी," ती म्हणाली. "मला वाचता येतं." मग कागद खाली करून, न बघता: "मध्ये, शॉना पेल्तिए."

कुणी काठी आपटली नाही. शॉनाच्या हातातली नाडी सुटली.

"असं लिहिलेलं नाहीये मी," कोच म्हणाल्या.

"कागद चुकलाय, कोच. सप्टेंबरातला माझा कागदपण चुकलेला आहे. मी मुद्दाम चुकवला." ती दाराकडे वळली. "डॉक्टरबाई, मला क्वेबेकवरचा गोल आठवत नाही. आठवडाभर डोकं फुटतंय. तुम्ही विचारलंत, मी खोटं बोलले." तिने हेल्मेट काढून शॉनाच्या मांडीवर ठेवलं. "आणि तू गं, घाबरतेस कशाला? पाससाठी मागे वळून बघू नकोस, आजी देते बरोबर."

प्रूडॉमबाई तिला दंडाला धरून घेऊन गेल्या. माझ्याजवळून जाताना शॅपीने माझ्याकडे पाहिलं नाही.

पोरगी खेळली, मनापासून खेळली. मी दिलेला एक पास तिने मागे न बघता घेतला आणि हाणला. तो खांबावर लागून बाहेर गेला. त्या खांबाचा टणत्कार अख्ख्या स्टेडियमने ऐकला. जादा वेळेत हॅलिफॅक्सचा गोल झाला, माझ्याच दोन पायांमधून गेलेल्या पकवर. दोन-एक. मग रांगेत उभं राहून त्यांचे हात हातात घेतले, 'छान खेळलात' म्हटलं, आणि माझं हॉकी संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी मान वर केली नाही.

पोशाख न उतरवताच मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. दिवे मालवलेले होते. शॅपी खाटेवर आडवी, डोळ्यांवर ओला टॉवेल. जर्सी अजून अंगात होती. प्रूडॉमबाई हळू आवाजात म्हणाल्या की इस्पितळाची गाडी येतेय, आवाज करू नकोस.

मी खाटेशेजारी जमिनीवर बसले. तिने चाचपडत माझा हात शोधला.

"किती?" तिने विचारलं.

"दोन-एक. हरलो."

ती रडली. आवाज न करता, टॉवेलखाली. हात मात्र सोडला नाही. "तुझी शेवटची मॅच होती," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेली."

"गप ए. माझ्या पायांमधून गेली."

ती जराशी हसली. बाहेर पोरी काठ्या आवरत होत्या. तिचा श्वास संथ झाला, मला वाटलं झोप लागली.

"निस्की," ती टॉवेलखालून म्हणाली, "संपली का मॅच? किती झाले?"

मी प्रूडॉमबाईंकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ बघून काहीतरी टिपून घेतलं.

"दोन-एक," मी म्हटलं. "हरलो."

आणि ती परत पहिल्यापासून रडायला लागली.