भलत्याच दारात गेलेले पैसे

मित्रांनो, माझ्या पोटातली घंटा अजून शाबूत आहे, पण तिला जागवणारी तार कधीच कापली गेली. मी राखाडी रंगाचा, तबकडी फिरवायचा एक जुना टेलिफोन. सध्या हॉलंडमधल्या यर्सेके गावच्या चर्चमागच्या खोलीत, जुन्या वस्तूंच्या फळीवर असतो. मुले येतात, तबकडीत बोट घालून गरागरा फिरवतात आणि हसतात. मला त्याचा राग येत नाही. पण नुसते बसून राहणे माझ्या अंगवळणी पडलेले नाही. माझा सगळा जन्म 'आता वाजेल, मग वाजेल' अशा ताणात गेला. तो ताण तार कापली तरी सुटत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो राखाडी भाऊ एका रांगेत उभे होते. मग एका पेटीतून मी झीलंडच्या या किनाऱ्यावर आलो आणि क्रीना विसेच्या घरात, दारालगतच्या बोळात, भिंतीवर बसलो. क्रीना शिंपले निवडायच्या शेडमध्ये काम करायची. तिचा नवरा शिंपल्यांच्या बोटीवर होता. त्या आळीत पहिला टेलिफोन मीच. शेजारणी हात पुसत यायच्या, माझ्यासमोर उभ्या राहून केस सारखे करायच्या आणि मग बोलायच्या. क्रीना दर शनिवारी मला ओल्या फडक्याने पुसायची. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पुढे नवरा वारला, बोट विकली गेली. घरात क्रीना आणि मी असे दोघेच उरलो. आठवड्यातून एकदा, रविवारी चर्च सुटल्यावर, मी हमखास वाजायचो. पलीकडे असायचा योस, तिचा धाकटा भाऊ. तो तरुणपणीच आयर्लंडला गेला होता आणि केरीच्या किनाऱ्यावर स्वतःची शिंपल्यांची बोट चालवत होता.

एकदा तो आडवारी बोलला, तेव्हाच मला धस्स झाले.

"क्रीना, इंजिन मेलं."

"मेलं म्हणजे?"

"म्हणजे मेलं. हातोडा घातला तरी खोकत नाही. हंगाम तोंडावर आलाय. शेजारच्या बंदरात एक जण चांगलं इंजिन विकतोय, पण तो महिनाअखेरपर्यंतच थांबणार. बँक मला दारात उभं करत नाही."

"बाबांचे शिंपल्यांचे मळे सोडून पळालास तेव्हा काय सांगितलं होतं मी तुला?" क्रीना म्हणाली. मग तिने पेन्सिल हातात घेतली. तिचा श्वास मला लागत होता. "किती लागतील?"

बोटीचे पैसे तिने हात न लावता ठेवले होते, म्हातारपणासाठी. तेच पाठवायचे ठरले. योसने खात्याचा नंबर सांगितला आणि तिने लिहून घेतला.

"शेवटी चौऱ्याहत्तर ना?" तिने विचारले.

"हो गं बाई, चौऱ्याहत्तर. माझा नंबर मला पाठ आहे!"

दुसऱ्याच दिवशी ती बसने खूस शहरात गेली, बँकेत पैसे भरून आली आणि येताना स्वतःसाठी एक दालचिनीचा गोड पाव घेऊन आली. ती खुशीत होती. कोट न काढताच तिने योसला फोन लावला. "निघाले रे पैसे!"

मित्रांनो, निघाले ते निघालेच. पोचले मात्र नाहीत.

आधी योस हसत विचारायचा, मग हळू आवाजात विचारू लागला. क्रीनाने बँकेला फोन लावला. तिकडे रेमाइन्से नावाच्या एक बाई होत्या, बोलायला सौम्य. त्या म्हणाल्या, "आमच्याकडून गेलेत, बाई. पलीकडे विचारायला सांगा." योसने पलीकडे विचारले. ते म्हणाले, "आमच्याकडे तुमच्या नावावर काही नाही. पाठवणाऱ्यांना विचारा." रेमाइन्सेबाईंनी मधल्या बँकेला विचारले. मधली बँक म्हणाली, आम्ही पुढे दिले. प्रत्येकाचे हात स्वच्छ होते आणि पैसे कुठेच नव्हते.

ते दिवस आठवले की अजून माझ्या आत काहीतरी तडतडते. क्रीना रिसीव्हर कानाला लावून बोळात उभी असायची आणि पलीकडून तेच ते वाट पाहायला लावणारे ऑर्गनचे सूर यायचे. ती बसायची नाही. वायर पुरेल तितके इकडे, वायर पुरेल तितके तिकडे, अशी फिरायची. शेडवरून आली की आधी रिसीव्हर उचलायची, मी जिवंत आहे की नाही ते ऐकायची आणि परत ठेवायची. बाहेर जायचे असले की कोट घालून माझ्यासमोर उभी राहायची. जावे तर नेमका तेव्हाच फोन वाजायचा, या धास्तीने ती कोट काढून ठेवायची. मलाही वाटायचे, एकदा तरी चांगल्या बातमीसाठी वाजावे. पण टेलिफोनला आपल्या मनाने वाजता येत नाही.

महिना संपला. इंजिनवाल्याने इंजिन दुसऱ्याला विकले. त्या दिवशी योसचा फोन आला तो मी कधी विसरणार नाही.

"क्रीना, एक विचारू? रागावू नकोस. तू पाठवलेस का खरंच?"

"म्हणजे?"

"मन बदललं असेल तर तसं सांग. पैसे तुझे आहेत. पण मला असं झुलवत ठेवू नकोस."

"मी खोटं बोलते?" क्रीनाचा आवाज चिरकला. "नवऱ्याची बोट होती ती, योस! उलट तूच सांग. तुझ्या हातात पडले असतील, कुठेतरी फुंकून झाले असतील आणि आता आणखी हवे असतील."

"फुंकून? मी?"

"बाबांच्या पैशांचं काय केलं होतंस?"

मग तो म्हणाला, "बरंय, ताई." आयुष्यात कधी तो तिला ताई म्हणाला नव्हता; परक्या बाईशी बोलावे तसे ते वाटले. ते ऐकून तिने रिसीव्हर इतक्या जोरात आपटला की त्याच्या कडेचा टवका उडाला. मग ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि रडली. तिचे बोलणे मी आयर्लंडपर्यंत पोचवले होते, पण तिचे रडणे मला पोचवता आले नाही. तिने रिसीव्हर आधीच ठेवला होता.

त्यानंतरचे रविवार मुके गेले. चर्च सुटायचे, क्रीना घरी यायची, कॉफी करायची आणि माझ्याकडे पाठ करून प्यायची.

रेमाइन्सेबाईंनी मात्र पाठ सोडली नव्हती. एका सकाळी त्यांचा फोन आला.

"बाई, पैसे हरवलेले नाहीत. तुम्ही दिला त्याच नंबरच्या खात्यात ते गेलेत. पण ते खातं तुमच्या भावाचं नाही."

"मग कुणाचं?"

"तिकडची बँक नाव सांगत नाही. खातेदाराला विचारून परत मागणार आहेत. तोवर भावाला नंबर पुन्हा विचारा. आणि एकेक आकडा सुटा सुटा विचारा."

क्रीनाने तबकडी फिरवायला घेतली. अर्ध्यावर थांबली, रिसीव्हर ठेवला. पुन्हा घेतली, पुन्हा ठेवला. तिसऱ्या खेपेला मात्र नंबर पुरा झाला.

"योस, भांडायला फोन केलेला नाही. तुझा नंबर सांग. एकेक आकडा."

तो कोरड्या आवाजात सांगत गेला. शेवटी म्हणाला, "चार. सात."

"चार, सात? तू चौऱ्याहत्तर म्हणालास!"

"हो. चार..." आणि तो थांबला.

मित्रांनो, आमच्या भाषेत आकडे तुमच्यासारखेच बोलतात. तुमच्या सत्तेचाळीसात सात आधी येतो आणि चाळीस नंतर. आमच्याकडेही तसेच. पण योस जिथे राहत होता तिथे चाळीस आधी म्हणतात आणि सात नंतर. इतकी वर्षे तिथली भाषा बोलून त्याची जीभ वळण विसरली होती. डोळ्यांना आधी चार दिसले, जिभेने आधी चार म्हटले आणि सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर होऊन बसले.

"मीच सांगितलं गं चुकीचं," योस म्हणाला. "आणि वर तुला खोटं पाडलं."

"मी तर तुला उधळ्या म्हटलं."

क्षमा कुणीच मागितली नाही. त्या घराण्यात ती पद्धत नव्हती. मग क्रीनाने विचारले, "हंगामाचं काय केलंस?"

"दुसऱ्याच्या बोटीवर हमाली करतोय. कप्तान माझ्या मुलाच्या वयाचा आहे, नि मला म्हणतो, आजोबा, जरा हात चालवा!"

क्रीना हसली. किती दिवसांनी ते हसणे माझ्यातून गेले!

पण पैसे अजून परक्या खात्यातच होते. मग एका दुपारी मी वाजलो. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, इंग्रजीतला. क्रीना उन्हाळ्यात पाहुण्यांच्या तंबूंच्या जागेवर काम करायची, तिला ती भाषा बऱ्यापैकी यायची.

"मी फिलोमिना कलोटी, केरीहून बोलतेय. बँकेनं तुझं नाव सांगितलं, म्हणाली बाईनं पैसे पाठवलेत, पण चुकून; मला काही ते पटलं नाही. तुझा फोननंबर मीच एक्स्चेंजला शोधायला लावला." म्हातारीला धाप लागली होती. "पोरी, तू माझी सून का गं?"

क्रीना भिंतीला टेकली. "कोण सून?"

"फिंटनची बायको. माझा फिंटन तिकडं हॉलंडला गाळ उपसायच्या जहाजांवर गेला. बापाशी भांडून गेला. बाप गेला तेव्हासुद्धा आला नाही. आता खात्यात हॉलंडचे पैसे आले. दुसरं कोण पाठवणार मला? एक पै खर्चली नाही बघ. नुसतं सगळ्यांना सांगितलं. खाटकाकडं सांगितलं, चर्चमध्ये सांगितलं, माझ्या पोराला आईची आठवण आली म्हणून. तो घरात आहे का? जरा दे त्याला."

मला वाटले, आताच्या आता तार तुटावी. मग तिने सावकाश, एकेक शब्द जुळवत सगळे सांगितले. योस, इंजिन, चार आणि सात. सांगून झाल्यावर क्रीनाने "हॅलो" म्हटले.

"ऐकतेय," म्हातारी म्हणाली. "म्हणजे तो डचमन. त्याचे शिंपले मी घेते की बाजारात. महाग देतो मेला."

"मिसेस कलोटी, मला फार वाईट..."

"तू कशाला वाईट वाटून घेतेस? पैसे तुझे, तुला परत जातील. उद्याच सांगते बँकेला. फक्त आता खाटकाला काय सांगू, तेवढं सुचेना झालंय."

तिने शब्द पाळला. पैसे आधी खूसला परत आले आणि मग सत्तेचाळीसवाल्या योसकडे गेले. जरा उशिराने का होईना, त्याला दुसरे इंजिन मिळाले. योस शिंपल्यांची पिशवी घेऊन म्हातारीकडे गेला आणि दोनदा वाढून घेऊन जेवून आला. "सोडतच नव्हती," तो क्रीनाला म्हणाला. "आणि मी न कळवता गेलो, तरी तिच्या टेबलावर दोन ताटं मांडलेली होती गं, एक तिच्या पोराचं."

माझी गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण क्रीना संपू देईना. तिचे पैसे शोधायला इतकी माणसे धावली होती, आणि म्हातारीचा मुलगा शोधायला कुणीच नव्हते. ते तिला टोचत राहिले. ती शेडवरून यायची, हातही न धुता माझ्यासमोर उभी राहायची आणि फोन लावत सुटायची. गाळ उपसणाऱ्या कंपन्या, खलाशांच्या राहायच्या जागा, बंदरावरच्या खानावळी. माझी तबकडी कधी इतकी तापली नव्हती. कुणी म्हणायचे, असा कुणी नाही. कुणी म्हणायचे, होता, गेला. एकाने तर "तुमचे किती पैसे बुडवलेत त्यानं?" असेच विचारले. ती खोडायची, पुढचा नंबर फिरवायची. बेचैनी तिला लागली होती आणि तिची मला.

शेवटी उत्तरेकडच्या एका बंदरातली स्वयंपाकीणबाई फोनवर म्हणाली, "फिंटन? आपल्यासारखा कोरा चहा न पिता त्यात दूध ओततो तोच ना? आहे की. थांबा, हाक मारते."

जड बूट वाजत आले. "कोण?"

"तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या आईच्या वतीनं..."

"मेली?" त्याने एकदम विचारले.

"नाही! जिवंत आहे. चांगली खणखणीत आहे."

त्याचा सोडलेला श्वास माझ्या अंगावर आला. क्रीनाने पैशांची हकिगत सांगितली. तो मधेच म्हणाला, "पण मी नाही पाठवले."

"ठाऊक आहे. माझे होते ते. ती मात्र गावभर सांगत फिरली, तुम्ही पाठवलेत म्हणून."

"मग आता काय पाहिजे तिला?"

"तिनं काहीच मागितलेलं नाही. मी फोन करतेय हेसुद्धा तिला ठाऊक नाही."

मग खट्. त्याने फोन ठेवला होता. क्रीनाने रिसीव्हर जागेवर ठेवला. नंतर तिने म्हातारीला काही कळवले नाही. पुन्हा खोटी आशा कशी द्यायची? ती तेवढी बोळात फेऱ्या मारायची. असे अनेक आठवडे गेले.

मग एका रविवारी चर्च सुटल्यावर मी वाजलो. क्रीनाला वाटले, योस. पण पलीकडे फिलोमिना होती. ती कुजबुजत होती.

"पोरी, बोलू नकोस. नुसतं ऐक."

तिने रिसीव्हर बाजूला धरला असावा. आधी घड्याळाची टिकटिक आली. मग बशीवर चमचा घासल्याचा आवाज. कुणीतरी भराभर जेवत होते. खुर्ची कुरकुरली आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, "बटाटे आहेत का अजून?"

"आहेत, आहेत," म्हातारी ओरडली आणि पुन्हा माझ्यात कुजबुजली, "ऐकलंस ना? दुसऱ्यांदा मागतोय."

क्रीनाने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

पुढे क्रीनाचे कान मंदावले, तिला मोठ्या आवाजाचा नवा फोन आला आणि मी भिंतीवरून उतरलो. त्याचे मला दुःख नाही. तुमच्याजवळ आता माझी चपळ, तबकडी नसलेली भावंडे आहेत. ती तुमच्या खिशात बसतात. त्यांना जपा. पण त्यांच्याकडून काम करून घ्या. कुणावर संशय आला, तर फोन आपटण्याआधी एकदा सुटे सुटे विचारा. आणि मित्रांनो, कुठेतरी कुणी दोन ताटे मांडून बसले असेल, तर आज जेवण्याआधी तेवढा एक नंबर फिरवा.